कारखान्यातील सूचनाफलक आणि कामगारांची भाषा

अपघात टाळण्याचा नियम अस्तित्वात असणे आणि ज्याच्यासाठी तो केला त्यास तो सापडणे व कळणे, ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. पहिलीचा इतिहास कायद्याच्या ग्रंथांत मिळतो. दुसरीचा बव्हंशी भाषेच्या इतिहासात शोधावा लागतो. प्रस्तुत टिपणात त्याचा महाराष्ट्रापुरता संक्षिप्त आढावा घ्यावयाचा आहे.

हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ साली झाला. बालकामगारांचे तास आणि धोक्याच्या यंत्रांस आडोसा, हे त्याचे प्रमुख विषय. कायदा इंग्रजीत होता. मुंबईच्या गिरण्यांतील मजूर बहुतांशी मराठी बोलणारे व निरक्षर होते. ही दरी बुजविण्यास वृत्तपत्र आणि सभा पुढे आली. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईहून चालविले. लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये भरलेल्या कामगारांच्या सभेत, साप्ताहिक सुट्टीबरोबरच, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन मिळावे, अशीही मागणी करण्यात आली.

१९४८च्या कारखाना अधिनियमाने भाषेचा प्रश्न स्पष्टपणे हाताळला. सूचना इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळ, दर्शनी जागी, स्वच्छ व वाचता येईल अशा स्थितीत असावी, असे कलम १०८ने ठरविले. तरतूद दूरदर्शी खरी. परंतु फलक दारावर राहिला आणि धोका यंत्रापाशी. शिवाय 'बहुसंख्य' ह्या शब्दाने अल्पसंख्य भाषिक वगळले गेले. यंत्र मात्र बोट चिरडताना मातृभाषा विचारीत नाही.

१९८४च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७च्या दुरुस्तीने, सुरक्षा व आरोग्य यांविषयी माहिती मिळविण्याचा हक्क कामगारास दिला. मालकाने लावावयाची सूचना आता कामगाराने मागावयाची माहिती झाली. मागावयास मात्र शब्द ठाऊक असावा लागतो.

आज ही माहिती संकेतस्थळांवर आहे. २०२०ची व्यावसायिक सुरक्षा संहिताही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. तथापि अडचण जुनीच आहे. पिंपरी-चिंचवडचा कामगार 'कारखान्यात' नव्हे, 'कंपनीत' जातो. कायद्यातील 'भोगवटादार' त्याच्या लेखी 'मालक' असतो. तो आपल्या शब्दाने शोध घेईल, तर अधिकृत शब्दाखाली ठेवलेली माहिती त्यास गवसणार कशी? बिहार वा उत्तर प्रदेशातून आलेल्याची अडचण तर दुहेरी आहे.

तेव्हा केवळ भाषांतराने भागणार नाही. अधिकृत संज्ञेशेजारी कामगारांच्या बोलीतील पर्याय नोंदविलेली सूची तयार व्हावयास हवी, आणि ती यंत्रापाशी उभे राहून, ऐकून तयार करावी लागेल. परिभाषा घडविताना आपण संस्कृत कोशाकडे पुष्कळ पाहिले. कारखान्याच्या फाटकाकडे पाहावयाचे राहून गेले. ते काम भाषाभ्यासकाचेच आहे.