मेद, उंदीर आणि उपासमार

चरबी म्हणजे शरीराचे कोठार. वर उरलेले अन्न तिथे पडून राहते आणि गरजेला बाहेर निघते. वैद्यकाच्या पुस्तकांतही विसाव्या शतकाचा बराचसा काळ चरबीला याहून मोठा मान नव्हता. यकृत, थायरॉइड, स्वादुपिंड हे कर्ते अवयव, चरबी नुसती साठणारी. आज तिला अंतःस्रावी अवयव म्हणून शिकवतात, आणि हा पालट मुख्यतः प्रयोगशाळेतल्या उंदरांनी घडवून आणला. या विषयात नव्याने येणाऱ्यापुढे जनुकांच्या नावांची भली मोठी रांग उभी राहते आणि तो बिचकतो. बिचकू नये. दोन लठ्ठ उंदरांशी नीट ओळख झाली की बाकीची नावे हळूहळू आपापल्या जागी बसतात.

पहिला उंदीर १९४९ सालचा. अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. १९४७ च्या वणव्यात तिचा मोठा भाग आणि हजारो उंदीर जळून गेले. तिथून नेलेले वाण ठिकठिकाणच्या संशोधकांनी परत पाठवले, तेव्हा ती पुन्हा उभी राहिली. त्यानंतर दोनच वर्षांनी तिथल्या पिंजऱ्यांत काही विलक्षण लठ्ठ पिल्ले आढळली. आई आणि बाप दोघांकडून सदोष प्रत आली तरच हा लठ्ठपणा दिसे, आणि अशा उंदराचे वजन भावंडांच्या तिप्पट होऊ शके. १९५० मध्ये या बदलाची नोंद प्रसिद्ध झाली आणि जनुकाला ‘ओबी’ हे नाव मिळाले. पुढे १९६६ मध्ये त्याच संस्थेतून दुसऱ्या उंदराची नोंद आली. तोही लठ्ठ, शिवाय तीव्र मधुमेही. त्याच्या जनुकाचे नाव ‘डीबी’. दोन्ही जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर, पण उंदीर शेजारी शेजारी ठेवले तर ओळखू येऊ नयेत इतके सारखे.

हे साम्य डग्लस कोलमन यांना छळू लागले. कोलमन मूळचे कॅनडाचे, शिक्षणाने जीवरसायनशास्त्रज्ञ. दोन उंदीर कुशीला कुशी लावून शिवायचे, म्हणजे थोडे थोडे रक्त एकातून दुसऱ्यात फिरत राहते, अशी एक जुनी शस्त्रक्रिया होती. आज वाचताना अंगावर काटा येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. डीबी उंदीर निरोगी उंदराशी जोडला, तेव्हा डीबी खात राहिला आणि निरोगी जोडीदाराने अन्न सोडले. समोर अन्न असताना तो उपासमारीने मेला. डीबीला ओबी जोडला, तर ओबीचीही तीच गत. ओबीला निरोगी उंदीर जोडला, तर मात्र कोणी मेले नाही. ओबी कमी खाऊ लागला आणि त्याचे वजन आवाक्यात राहिले. कोलमन यांनी लावलेला अर्थ असा: रक्तातून फिरणारा, भूक आवरणारा एक पदार्थ आहे. ओबीच्या शरीरात तो तयार होत नाही. डीबीच्या शरीरात तो रगड आहे, पण तो ओळखण्याची सोय नाही.

पदार्थ हातात नाही, जनुक हातात नाही, आणि तरीही निष्कर्ष अचूक. या शाखेत इतका देखणा तर्क मला दुसरा दिसलेला नाही. १९७३ मध्ये तो छापून आला आणि बऱ्याच जणांनी मानला नाही, कारण लठ्ठपणा हा खाण्यावर ताबा नसल्याचा परिणाम, हे मत पक्के बसलेले होते. उंदराला इच्छाशक्तीचा उपदेश करता येत नाही, एवढे साधे उत्तर त्या मताला पुरायला हवे होते.

जनुक सापडायला आणखी दोन दशके गेली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओबीचा माग गुणसूत्रावर इंच इंच पुढे सरकत काढला आणि डिसेंबर १९९४ मध्ये निकाल जाहीर केला. हे जनुक १६७ अमिनो आम्लांचे एक प्रथिन घडवते, आणि ते मुख्यतः मेदपेशींत घडते. बार हार्बरच्या मूळ उंदरात १०५ व्या अमिनो आम्लाच्या जागी थांबण्याची खूण पडली होती. प्रथिन अर्ध्यातच तुटत होते. पुढच्या वर्षी या प्रथिनाला लेप्टिन म्हणू लागले. ते टोचल्यावर ओबी उंदरांचे वजन दोन आठवड्यांत सुमारे ३० टक्के घटले. डीबीवर काहीच परिणाम झाला नाही. लेप्टिन ओळखणारा ग्राही मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात असतो, आणि डीबीमध्ये तोच बिघडलेला निघाला. कोलमन यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले.

इथवरची हकीकत सगळेच सांगतात. नव्या वाचकाने थांबावे ते याच्या पुढच्या वळणावर, कारण माझ्या मते या विषयाचे मर्म तिथे आहे. लेप्टिनला ‘लठ्ठपणा रोखणारे संप्रेरक’ म्हणणे अपुरे आहे. ओबी उंदराकडे पुन्हा पाहा. तो वांझ असतो. त्याचे शरीर गार असते आणि कडक थंडीत तो काही तासांत मरतो. थायरॉइड मंद, ताणाची संप्रेरके चढलेली. ही सारी लक्षणे उपाशी प्राण्याची आहेत! अंगावर चरबीचे थर आहेत, पण मेंदूला त्यांची वर्दी पोहोचत नाही, म्हणून मेंदू दुष्काळाचे नियम लागू करतो: खा, हालचाल कमी करा, ऊब वाचवा, पिल्ले पुढे ढकला. १९९६ मध्ये बोस्टनच्या एका गटाने याची उलट बाजू दाखवली. निरोगी उंदरांना दोन दिवस उपाशी ठेवले आणि त्या काळात लेप्टिन दिले, तर उपासाने होणारी संप्रेरकांची उलथापालथ बरीचशी टळली. म्हणजे लेप्टिन वाढणे ही शरीराला फारशी मोठी बातमी नाही. ते घटणे ही आहे.

एवढे ध्यानात ठेवले तर माणसांतली निराशा समजते. १९९७ मध्ये केंब्रिजच्या वैद्यांनी पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातील दोन चुलत भावंडांत लेप्टिनचे जनुक बिघडल्याचे दाखवले. लेप्टिन सुरू झाल्यावर अशा मुलांची अनावर भूक शमली. पण लठ्ठ माणसांपैकी बहुतेकांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असते, आणि आणखी टोचून फारसे साधत नाही. लाखोंसाठीचे औषध म्हणून गाजलेले प्रथिन मोजक्यांच्या उपयोगी पडले.

चरबी मुळात बनते कशी, हा याच विषयाचा दुसरा दरवाजा. उंदराच्या भ्रूणपेशींपासून हॉवर्ड ग्रीन यांनी १९७० च्या दशकात असा पेशीवाण तयार केला, की त्या पेशी बशीतच तेलाचे थेंब साठवू लागतात. १९९४ मध्ये ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाने पीपीएआर-गॅमा हे जनुक साध्या संयोजी पेशींत घातले आणि त्यांच्या मेदपेशी झाल्या. मग कोणाला वाटेल, चरबी बनूच दिली नाही तर बरे. तसे उंदीरही १९९८ मध्ये घडवले गेले. पांढरी चरबी जवळपास नाहीच. पण यकृत मेदाने फुगलेले आणि मधुमेह जबर. निरोगी उंदराची चरबी त्यांच्यात रोपली, तेव्हा साखर सुधारली. मेद जिथे असायला हवा तिथे नसला, की तो नको तिथे जातो.

मराठी वाचकाला याचा एक धागा घराजवळ सापडेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी भोवतालच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची मोजमापे घेतली. इंग्लंडमधील बाळांच्या तुलनेत ती वजनाला बरीच कमी होती, तरी त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. तिथे आईचे पोषणही हिशेबात येते, एकटे जनुक नव्हे.

आता शोधनिबंध वाचायला घेणाऱ्यांसाठी दोन सूचना. पहिली, उंदीर कोणत्या वाणाचा ते आधी पाहा. ओबीचा तोच बदल काळ्या उंदरांच्या एका वाणात सौम्य मधुमेह देतो. स्वादुपिंड जास्त इन्शुलिन बनवून वेळ निभावून नेते. त्याच्या जवळच्या दुसऱ्या वाणात तोच बदल स्वादुपिंडाचा ऱ्हास करतो आणि उंदीर लवकर मरतो. हेही कोलमन यांनीच १९७३ मध्ये दाखवले होते. दुसरी, खोलीचे तापमान शोधा. संशोधकांना सोसणाऱ्या २२ अंशांत उंदराला थंडी वाजत असते; त्याचे सुखाचे तापमान ३० अंशांच्या आसपास. २२ अंशांत तो ऊब टिकवण्यासाठी तपकिरी चरबीत इंधन जाळतच असतो, त्यामुळे एखाद्या जनुकाचा वजनावरचा परिणाम तिथे एक दिसतो आणि ३० अंशांवर वेगळा. तापमानाचा आकडा बहुधा पद्धतींच्या भागात, पिंजरे आणि खाद्याच्या तपशिलांत दडलेला असतो; आलेखांकडे वळण्याआधी तो गाठावा.