आखूड खोरे आणि सॅक्रामेंटोतले बाक : गरिबांचे वकील विधिमंडळात कसे पोहोचले?

आजचा धागा कॅलिफोर्नियातील एका अवजारापासून सुरू होतो. आखूड दांड्याचे खोरे. दांडा जेमतेम एक-दीड फुटाचा. मेक्सिकन शेतमजूर त्याला ‘एल कोर्तितो’, म्हणजे ‘आखूडबुवा’ म्हणत. लेट्यूस आणि शुगर बीटच्या रांगांत विरळणी-खुरपणी करताना मजुराला दिवसभर कमरेत वाकून चालावे लागे. ऐन उमेदीत पाठी कायमच्या निकामी होत.

लांब दांड्याने रोपे दुखावतात, असा बागायतदारांचा दावा होता. आखूड दांड्याचा आणखी एक फायदा मात्र मुकादमांना पुरता ठाऊक होता. जो उभा दिसेल तो काम करीत नाही, हे लांबूनच ओळखता येई.

या मजुरांची बाजू मांडायला १९६६ मध्ये ‘कॅलिफोर्निया रूरल लीगल असिस्टन्स’ ही संस्था उभी राहिली. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या ‘दारिद्र्याविरुद्धच्या युद्धा’तील संघराज्याच्या पैशावर ती चाले. आपल्याकडे मोफत विधी साहाय्य म्हटले की घटनेचे कलम ३९-अ आणि न्यायालयात मिळणारा वकील आठवतो. या तरुण वकिलांची कल्पना त्याहून व्यापक होती. एकेका मजुराचा तंटा सोडवीत बसण्यापेक्षा, जो नियम हजारोंना नाडतो तोच बदलायचा.

साहजिकच सरकारशी गाठ पडली. १९६७ मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी गरिबांच्या वैद्यकीय साहाय्यात सुमारे २१ कोटी डॉलरची कपात जाहीर केली. संस्थेने खटला भरला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कपात बेकायदा ठरवली. सरकारच्या पैशावर चालणारी संस्था सरकारलाच हरवते, ही गोष्ट रेगन यांच्या पचनी पडणारी नव्हती. डिसेंबर १९७० मध्ये त्यांनी नकाराधिकार वापरून तिचे अनुदान रोखले. समर्थनार्थ आलेल्या अहवालात शंभराहून अधिक आरोप होते. चौकशी इतर राज्यांतील तीन न्यायमूर्तींकडे गेली. १९७१ मध्ये त्यांनी ते आरोप निराधार ठरवले आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. माझ्या मते, विधी साहाय्याच्या अमेरिकन इतिहासातील हा सर्वांत नाजूक क्षण होता. तेथे हार झाली असती, तर पुढे कोणत्याही राज्यात असे धाडस करायला कोण धजावले असते?

आता पुन्हा खोऱ्याकडे. १९७२ मध्ये मॉरिस जोर्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्याच्या औद्योगिक सुरक्षा विभागाकडे बंदीची मागणी केली. ती फेटाळली गेली. ‘असुरक्षित अवजार’ म्हणजे मोडके किंवा सदोष अवजार, असा अर्थ विभागाने लावला होता, आणि खोरे तर धडधाकट होते! जानेवारी १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ फारच संकुचित ठरवला. अवजार ज्या रीतीने वापरावे लागते, त्या रीतीमुळेही ते असुरक्षित ठरू शकते. त्याच वर्षी विभागाने एल कोर्तितोवर बंदी घातली.

पण निकालाने सगळेच भागत नाही, हेही त्याच काळात कळत होते. लॉस एंजेलिस येथे १९६७ मध्ये तीन विधी महाविद्यालयांच्या साहाय्याने ‘वेस्टर्न सेंटर ऑन लॉ अँड पॉव्हर्टी’ स्थापन झाले होते. ‘सेरानो विरुद्ध प्रीस्ट’ या खटल्यात १९७१ मध्ये न्यायालयाने म्हटले, की मुलाच्या शिक्षणाचा दर्जा त्याच्या वस्तीतील मालमत्तेच्या किमतीवर अवलंबून ठेवता येणार नाही. ठीक, परंतु शाळांना पैसा वाटण्याचे सूत्र लिहिणार कोण? विधिमंडळच. म्हणून गरिबांच्या वकिलांनी सॅक्रामेंटोत, राज्याच्या राजधानीत, बैठक मारली. काम कंटाळवाणे होते. विधेयकातील एकेक पोटकलम वाचायचे, अंदाजपत्रकातील आकडे तपासायचे, समितीपुढे साक्ष द्यायची, दुरुस्तीचा मसुदा हाती ठेवायचा. तेल कंपन्या आणि विमा कंपन्या यांचे प्रतिनिधी हे काम पूर्वीपासून करीत होतेच. भाडेकरू आणि शेतमजूर यांच्या वतीने ते करणारे विरळा होते.

१९९६ मध्ये काँग्रेसने या वाटेवर कुंपण घातले. संघराज्याचे विधी साहाय्य अनुदान ४० कोटी डॉलरवरून २७.८ कोटींवर आले. शिवाय ते घेणाऱ्या संस्थांवर सामूहिक दावे आणि कायदेमंडळातील पाठपुरावा यांबाबत कडक बंधने आली. एक तर पैसा घ्या, नाही तर आवाज ठेवा. वेस्टर्न सेंटरने आवाज ठेवला. वकिलांकडे असलेल्या अशिलांच्या ठेवींवरील व्याज विधी साहाय्यासाठी वापरण्याचा कायदा कॅलिफोर्नियाने १९८१ मध्येच केला होता. अशा निधीचा आता आधार झाला.

या पाठपुराव्याला किती काळ लागतो, याचा एक नमुना. १९९४ मध्ये राज्याने नियम केला, की साहाय्य घेणाऱ्या कुटुंबात नवे मूल जन्मले तर त्याच्यासाठी रक्कम वाढणार नाही. सवलत हवी असेल, तर आईने बलात्कार झाल्याचे किंवा ठरावीक गर्भनिरोधक फसल्याचे सरकारी कचेरीत सिद्ध करायचे. प्रश्न महिन्याला सुमारे १३० डॉलरचा होता. हा नियम रद्द करण्यासाठी वेस्टर्न सेंटर आणि इतर संस्था वर्षानुवर्षे झगडल्या. विधेयके मांडणाऱ्या हॉली मिचेल यांनी स्वतः पूर्वी याच सेंटरमध्ये काम केले होते. खर्चाचे कारण पुढे करून विधेयके वित्तविषयक समितीत अडकत राहिली. अखेर २०१६ च्या अंदाजपत्रकात नियम रद्द झाला आणि १ जानेवारी २०१७ पासून त्या बालकांची रक्कम कुटुंबांना मिळू लागली. १९९४ मध्ये ज्यांच्या जन्माआधीच हा नियम झाला होता, ती मुले तोवर मतदार झाली होती.