पावकी गेली, दशांश आले

एक क्विंटल भात गिरणीत घातले तर तांदूळ साधारण पासष्ट किलो पडतो. बाकीचे तूस आणि कोंडा. इगतपुरी तालुक्यातील घोटी ही भाताची जुनी बाजारपेठ. तिच्या आसपासच्या खेड्यांत वाढलेल्या मुलांना भातापेक्षा तांदूळ कमी भरतो, हे कोणी शिकवावे लागत नाही. पण सहावीच्या वर्गात त्याच मुलांना २.४ × ०.६५ हा गुणाकार घातला, तर उत्तरे १५.६, १.५६, ०.१५६ अशी तिन्ही तऱ्हेची येतात. अडीच क्विंटलहून कमी भातातून साडेपंधरा क्विंटल तांदूळ कसा निघेल, असा प्रश्न मुलांना पडत नाही. कारण त्यांच्या दृष्टीने तिथे भात नाही, तांदूळ नाही. फक्त अंक आहेत आणि एक टिंब आहे.

हे टिंब कुठे द्यायचे, याचा नियम आपण सगळेच शिकवतो. दोन्ही संख्यांतील दशांश चिन्हानंतरची घरे मोजा, त्यांची बेरीज करा आणि उत्तरात उजवीकडून तितकी घरे सोडून चिन्ह द्या. नियम बरोबर आहे. पण तो ज्यांनी प्रथम मांडला त्यांनी तो कारणासह मांडला होता. शाळेपर्यंत येताना नियम टिकला आणि कारण वाटेत गळाले. म्हणून थोडे मागे जाऊन पाहू.

अर्ध्याचे अर्धे

आपल्याकडील जुनी मापे बहुतांशी निम्मे करण्यावर उभी होती. धान्याची पायली चार शेरांची. अर्धी पायली म्हणजे अधोली, अधोलीचे अर्धे म्हणजे शेर, शेराचे अर्धे मापटे आणि मापट्याचे अर्धे चिपटे. नाण्यांचेही तसेच. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार. ही चार आणि सोळाची आवड जुनीच आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ साधारण ११५० सालची. तिच्या आरंभीच्या कोष्टकातही चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क आहे.

अशा व्यवहारात अपूर्णांकांचा गुणाकार रोजचाच. त्यासाठी पंतोजींच्या शाळेत पाढे होते : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. मुले हे पाढे घोकून पाठ करीत. घोकंपट्टीचे दोष त्यात होतेच. पण एक गोष्ट त्यात आपोआप साधत असे. चार पाव मिळून एक होतो, म्हणजे पावाने गुणले की संख्या घटते, हे जिभेवरच बसलेले असे. अर्ध्याचे अर्धे म्हणजे पाव, याला नियम लागत नव्हता. अधोली आणि शेर ही मापे शेजारी शेजारी ठेवलेली असत.

‘लीलावती’त अपूर्णांकांच्या गुणाकाराची रीत आजचीच आहे : अंशांचा गुणाकार भागिले छेदांचा गुणाकार. अंश वर, छेद खाली, मधली रेघ मात्र नाही. दशमान अंकलेखनही परिपूर्ण आहे. एकपासून परार्धापर्यंत दहापटीने वाढणाऱ्या अठरा स्थानांची नावे तिथे दिली आहेत. पण ही स्थाने एकम् च्या डावीकडेच वाढतात. उजवीकडे, म्हणजे दहाव्या, शंभराव्या, हजाराव्या भागांकडे ती ‘लीलावती’त जात नाहीत. पूर्णांकांसाठी एक लेखनपद्धती आणि अपूर्णांकांसाठी दुसरी, अशी ही व्यवस्था होती.

दमास्कस ते लायडेन

उजवीकडचे पाऊल पडल्याचा जुना लेखी पुरावा दमास्कसचा आहे. अल्-उक्लिदिसी या गणितज्ञाने ९५२-५३ साली तिथे हिंदी अंकगणितावर ग्रंथ लिहिला. हिंदी म्हणजे अर्थातच भारतीय अंकपद्धतीचे. त्यात त्याने १९ ही संख्या पाच वेळा निम्मी केली आहे : ९.५, ४.७५, २.३७५, १.१८७५, ०.५९३७५. एकम् स्थान कोणते हे कळावे म्हणून त्या अंकावर तो एक खूण करतो. म्हणजे आपल्या पावकी-निमकीचाच व्यवहार, पण दशमान लेखनात.

त्याचे दुसरे उदाहरण आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. १३५ मध्ये तिचा दहावा भाग मिळवायचा, आलेल्या संख्येत पुन्हा तिचा दहावा भाग, असे पाच वेळा. आजच्या भाषेत दर वेळी १.१ ने गुणायचे. उत्तरे अशी : १४८.५, १६३.३५, १७९.६८५, १९७.६५३५, २१७.४१८८५. ही ओळ फळ्यावर लिहून मुलांना नुसती पाहू द्यावी. दर वेळी दशांश चिन्हानंतर एक घर वाढते. का? कारण दर वेळी आपण दहावा भाग घेतो, आणि दहाव्या भागाचा दहावा भाग म्हणजे शंभरावा भाग. घरे मोजण्याच्या नियमाचे सारे रहस्य एवढेच आहे.

पुढे समरकंदच्या अल्-काशीने १४२७ सालच्या आपल्या अंकगणिताच्या ग्रंथात दशांश अपूर्णांकांची पद्धतशीर मांडणी केली. युरोपात त्यांचा प्रसार मात्र सायमन स्टेव्हिनमुळे झाला. १५४८ मध्ये ब्रुजला जन्मलेल्या या अभियंत्याने १५८५ साली लायडेनला एक छोटी पुस्तिका काढली. तिचे नाव ‘दे तिंदे’, म्हणजे ‘दहावा भाग’. ती विद्वानांसाठी नव्हती. जमीन मोजणारे, कापड मोजणारे, दारूची पिंपे मापणारे, टांकसाळीचे अधिकारी आणि व्यापारी हे तिचे वाचक होते.

स्टेव्हिनने टिंब वापरले नाही. प्रत्येक अंकाशेजारी तो वर्तुळात एक क्रमांक लिही. पूर्णांकासाठी शून्य, दशांशासाठी एक, शतांशासाठी दोन. त्याचे गुणाकाराचे उदाहरण ३२.५७ × ८९.४६ असे आहे. आधी तो ३२५७ ला ८९४६ ने गुणतो, उत्तर २९१३७१२२. मग दोन्ही संख्यांच्या शेवटच्या अंकांचे क्रमांक पाहतो. दोन आणि दोन, बेरीज चार. म्हणून उत्तराच्या शेवटच्या अंकाचा क्रमांक चार, म्हणजे २९१३.७१२२. आणि तो इथे थांबत नाही. लगेच सिद्धता देतो : पहिली संख्या ३२५७ शतांश, दुसरी ८९४६ शतांश, शतांश गुणिले शतांश म्हणजे दशसहस्रांश.

ही लेखनपद्धती अवजड होती, पण प्रत्येक अंक आपली ओळख बरोबर घेऊन फिरत असे. नेपियरच्या १६१९ साली प्रसिद्ध झालेल्या लॉगॅरिथमच्या ग्रंथात टिंब आले. पुढे तेच इंग्रजी रिवाजात स्थिरावले. लिहिणे सोपे झाले. मात्र त्या एका टिंबात सगळे क्रमांक लपले, आणि ते शोधून काढण्याचे काम विद्यार्थ्याच्या डोक्यावर आले.

१ एप्रिल १९५७

पुस्तिकेच्या शेवटी स्टेव्हिनने सुचवले होते, की राज्यकर्त्यांनी नाणी आणि मापेही दशमान करावीत. भारतात हे १९५५ च्या नाणेविषयक कायद्याने आणि १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने घडले. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १ जून १९६४ ला त्यातला ‘नवे’ हा शब्द गेला. मेट्रिक वजने ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. इंग्लंडने आपले नाणे दशमान केले ते फेब्रुवारी १९७१ मध्ये, आपल्यानंतर जवळजवळ चौदा वर्षांनी.

संक्रमण सोपे नव्हते. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. ठरलेल्या कोष्टकानुसार एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे धरले जात. सोळा सुटे आणे एकेक करून बदलले तर हाती शहाण्णवच पैसे! सोळाच्या घरातून शंभराच्या घरात जाताना असा खळखळाट होणारच.

बदल हिताचाच होता. पण त्याबरोबर पावकी-दिडकीचे पाढे हळूहळू शाळेतून गेले. आणि मापांचा जो आधार अपूर्णांकांना होता, तो दशांशांना देण्याचे आपल्याकडून बरेचसे राहून गेले.

सातबाऱ्यावरचा आर

तो आधार आजही हाताशी आहे. सातबाऱ्यावर जमिनीचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. हेक्टर म्हणजे १०० मीटर बाजूचा चौरस. त्याच्या बाजूचा दहावा भाग १० मीटर. शाळेच्या पटांगणावर १० मीटर बाजूचा चौरस फक्कीने आखा. तो झाला एक आर, हेक्टरचा शंभरावा भाग. म्हणजेच ०.१ × ०.१ = ०.०१. एक आर जवळजवळ एका गुंठ्याएवढा असल्याने मुलांना त्याचा अंदाज घरूनच असतो. मग ३० मीटर लांब, २० मीटर रुंद तुकडा किती? सहा आर, म्हणजे ०.३ × ०.२ = ०.०६. इथे ०.६ हे उत्तर देणारे मूल स्वतःच थांबते, कारण ०.६ हेक्टर म्हणजे साठ आर, दीड एकराच्या आसपास.

वाचनाकडेही लक्ष हवे. ०.०६ ला ‘पॉइंट शून्य सहा’ म्हटले की नुसते अंक उरतात. ‘सहा शतांश’ म्हटले की स्टेव्हिनचा क्रमांक परत येतो. निदान पहिले काही आठवडे तरी ‘तीन दशांश गुणिले दोन दशांश, सहा शतांश’ असे बोलून गुणाकार करावेत. घरे मोजण्याचा नियम मग मुलेच सांगतील.

आता सुरुवातीचा गुणाकार करू. आधी अंदाज : ०.६५ हे अर्ध्याहून थोडे जास्त, तेव्हा उत्तर १.२ हून जास्त आणि २.४ हून कमी. २४ × ६५ = १५६०. दशांश गुणिले शतांश म्हणजे सहस्रांश, म्हणून १५६० सहस्रांश, १.५६०. काही मुले १५६० मधले शून्य आधी काढून टाकतात, मग तीन घरे मोजतात आणि ०.१५६ वर जातात. नियम त्यांनी पाळलेला असतो. फक्त १५६० सहस्रांशांचे १५६ सहस्रांश झालेले असतात. अंदाज आधी केलेला असेल तर चूक त्यांना स्वतःलाच दिसते. १.५६ क्विंटल, म्हणजे १५६ किलो तांदूळ. हे उत्तर बरोबर आहे की नाही, ते घोटीच्या बाजारात पोती पाहिलेले मूल टिंब न मोजताही सांगू शकेल.