हजारो यंत्रांची हजेरी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की पहिली हजेरी घेताना माझा हात जड होतो. ऊसतोडीला निघालेल्या आईबापांबरोबर कोण कोण गेले, ते तेव्हा कळते. म्हणूनच असेल, संगणकांच्या इतिहासातले हजेरीचे एक प्रकरण माझ्या मनात घर करून राहिले आहे.

हवामानाचे अवाढव्य गणित एका संगणकाला पेलत नाही. मग त्याचे तुकडे करून ते अनेक संगणकांना वाटून देतात. प्रत्येक तुकड्याचे चालू काम म्हणजे एक ‘प्रोसेस’. ती सुरू कोणी करायची, निरोप कोणी पोचवायचे? त्यासाठी आयत्या आज्ञावलींचा जो संच असतो, त्याला ‘लायब्ररी’ म्हणतात. पुस्तके मात्र तिच्यात नसतात!

1989 साली अमेरिकेतील ओक रिजच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत वैदी सुंदरम आणि अल गाइस्ट यांनी ‘पीव्हीएम’ नावाची अशी लायब्ररी रचायला घेतली. निरनिराळ्या जातींचे संगणक तिने एका पंगतीला बसविले. प्रत्येकावर एक पहारेकरी आज्ञावली असे. तीच प्रोसेस सुरू करी, आणि एखादी मध्येच गळाली तर, सांगून ठेवले असल्यास, सोबत्यांना खबर देई.

पण अशा लायब्ररींच्या बोली अनेक झाल्या. तेव्हा 1992 पासून जाणकारांनी एकत्र बसून 1994 साली ‘एमपीआय’ हे प्रमाण ठरविले. निरोपांचे नियम त्यात चोख होते. प्रोसेस सुरू कशी करायची, हे मात्र नव्हतेच. ती सोय 1997 च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. एरवीचा रिवाज कडक: एक कोसळली की बहुधा सगळाच डाव मोडायचा. म्हणून झालेले काम मधूनमधून लिहून ठेवतात. नाहीतर पुन्हा श्रीगणेशा!

त्याच ओक रिजमध्ये 2022 साली ‘फ्रंटियर’ उभा राहिला. 9,400 हून अधिक संगणकांचा हा मेळा. एवढ्या मेळ्यात कोणी ना कोणी अधूनमधून बंद पडायचाच. वेग वाढला, तरी जुना प्रश्न दारात उभाच आहे: कोण गळाले, आणि उरलेल्यांनी काय करायचे?

एका वर्षी एका मुलीच्या नावापुढे मी आठ दिवस नुसते ‘गैरहजर’ लिहीत गेलो. चौकशी केली, तोवर तिचे बिऱ्हाड कारखान्याच्या वाटेने दूर गेले होते. त्या पहारेकऱ्याने निदान खबर तरी दिली असती.