प्राणवायू-संवेदकाचे स्थान : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

यंत्रांचा इतिहास लिहिताना कोणता शोध कोणी व केव्हा लावला, याची चौकशी सहसा केली जाते. यंत्राचा एखादा भाग कोणत्या जागी बसविला गेला आणि ती जागा पुढे का बदलली, हा प्रश्न मात्र गौण मानला जातो. मोटारीच्या धूरनळीवरील प्राणवायू-संवेदकाच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो. गॅरेजमध्ये ‘ऑक्सिजन सेन्सर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बोटभर वस्तूचा इतिहास बव्हंशी तिच्या स्थानाचाच इतिहास आहे. मूळ संगणक काढून इंजिनावर दुसरा संगणक चढविताना या इतिहासाकडे दुर्लक्ष झाले, तर त्याची किंमत इंजिनालाच मोजावी लागते. महानगरांपासून दूर असलेल्या परभणी जिल्ह्यात हे तंत्र टप्प्याटप्प्याने व कायद्याच्या मागोमाग आले. म्हणून हा प्रश्न येथे विशेष स्पष्टपणे पाहता येतो.

कार्बोरेटरच्या काळात हवा व पेट्रोल यांचे प्रमाण मिस्त्री कानाने आणि डोळ्याने ठरवीत असे. इंजिनाचा आवाज, धुराचा रंग आणि प्लगवरील काजळी ही त्याची साधने होती. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. या प्रमाणास अभियंते ‘लॅम्डा एक’ म्हणतात. मात्र हे प्रमाण क्षणोक्षणी राखणे हाताच्या स्क्रूला शक्य नव्हते, आणि त्या काळी तशी सक्तीही नव्हती.

सक्ती निर्माण झाली ती उत्प्रेरक परिवर्तकामुळे. धुरातील तीन प्रमुख विषारी घटक एकाच वेळी नष्ट करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मिश्रण लॅम्डा एकच्या अगदी जवळ असेल तेव्हाच पुरते काम करतो. त्यासाठी लागणारी वस्तू विज्ञानाच्या भांडारात आधीच होती. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट याने १८९९ च्या सुमारास झिर्कोनियम ऑक्साइडाच्या तप्त मिश्रणातून वीज वाहते, हे दाखविले होते. अशा पदार्थाच्या एका अंगास बाहेरची हवा व दुसऱ्या अंगास धूर असल्यास, दोहोंतील प्राणवायूच्या तफावतीनुसार विद्युद्दाब निर्माण होतो. मिश्रणात पेट्रोल अधिक असता तो सुमारे ०.९ व्होल्ट, तर हवा अधिक असता सुमारे ०.१ व्होल्ट असतो. बॉश कंपनीने घडविलेला असा संवेदक १९७६ साली व्होल्वोच्या मोटारींवर प्रथम विक्रीस आला.

येथेच स्थानाचा प्रश्न उपस्थित होतो. झिर्कोनियाचा हा घटक सुमारे ३०० अंश सेल्सियसपेक्षा अधिक तापल्याखेरीज विश्वसनीय साक्ष देत नाही. आरंभीच्या संवेदकास स्वतःची उष्णता नव्हती. म्हणून त्यास इंजिनाच्या निकट बसविणे भाग होते. १९८२ मध्ये विजेने तापणारा संवेदक आला आणि हे बंधन सैल झाले. सर्व सिलिंडरांचा धूर जेथे एकत्र मिसळतो, त्या संगमापर्यंत संवेदकास मागे नेता आले. एका सिलिंडराची साक्ष सर्वांची मानण्याची वेळ त्यामुळे टळली.

परभणीस ही दोन्ही स्थित्यंतरे प्रत्यक्ष अनुभवावी लागली नाहीत, याचे कारण पेट्रोलमधील शिसे होय. शिसे संवेदकास व परिवर्तकास सारखेच मारक आहे. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक आवश्यक करण्यात आला व तेथे शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध झाले. संपूर्ण देशात असे पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून लागू झाले. तत्पूर्वी महानगरातून जिंतूर वा गंगाखेडकडे आलेल्या मोटारीच्या टाकीत वाटेवरचे शिसेयुक्त पेट्रोल पडले, तर तिचा संवेदक निकामी होण्याचे भय होते. तात्पर्य, हे साधन परभणीत नांदू लागले, तेव्हा ते उष्णतेची सोय असलेल्या प्रगत स्वरूपातच आले. त्याचे स्थान कारखान्याने आधीच निश्चित केलेले होते, आणि त्या निश्चितीमागील कारणे सांगणारा अनुभव मात्र सोबत आला नाही.

पुढचा टप्पाही असाच विषम होता. परिवर्तकाच्या पुढे दुसरा संवेदक ठेवून परिवर्तकावरच पहारा करण्याची पद्धत अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींवर सक्तीची झाली. भारतात एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज चार हे मानक १३ शहरांस लागू झाले. त्यांत मुंबई, पुणे व सोलापूर होते, परभणी नव्हते. १ एप्रिल २०१७ पासून ते देशभर लागू झाले, आणि २०२० मध्ये स्टेज सहा आले. पहिला संवेदक मिश्रण ठरवितो व दुसरा परिवर्तकाची परीक्षा घेतो, हा भेद ध्यानात न घेता एकाच्या जागी दुसरा कल्पिणे ही मोठी चूक ठरते.

बाहेरून घेतलेला संगणक बसविण्याचा मार्ग २००१ च्या सुमारास अमेरिकेत पुढे आलेल्या ‘मेगास्क्वर्ट’ यांसारख्या स्वल्पमोली संचांमुळे पुष्कळांना खुला झाला. अशा संगणकास बहुधा विस्तृत पट्ट्याचा संवेदक जोडतात. तो मिश्रण केवळ दाट की विरळ एवढेच न सांगता किती दाट वा किती विरळ, हेही सांगतो. त्याचे स्थान मात्र नव्याने ठरवावे लागते. तो सर्व सिलिंडरांच्या संगमानंतर, परंतु परिवर्तकाच्या आधी असावा. टर्बो असल्यास त्याच्या पुढे असावा, कारण टर्बोपूर्वीचा दाब मापन बिघडवितो. तो आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर, टोक खाली करून बसवावा, म्हणजे नळीत साचलेले पाणी तप्त घटकावर पडून तो तडकणार नाही. त्याच्या आधीचा कोणताही सांधा गळका नसावा.

शेवटची अट सर्वांत अधिक उपेक्षिली जाते. धुराच्या लाटांमधील क्षणिक पोकळीमुळे सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते. संवेदक प्राणवायू पाहतो व तो पाहिलेले खरेच सांगतो. परंतु तो प्राणवायू ज्वलनातून उरलेला नसतो. संगणक मिश्रण विरळ झाल्याचे समजून पेट्रोल वाढवितो. एखाद्या सिलिंडराचा प्लग पेटला नाही तरी असेच घडते. संवेदक फार मागे असल्यास वार्ता उशिरा पोचते. मूळ संगणकाने त्या विलंबाचा हिशेब केलेला असतो, नव्यास तो शिकवावा लागतो. परिणामी पेट्रोल वाया जाते, परिवर्तक जळतो, आणि पीयूसी तपासणीत लॅम्डा ०.९७ ते १.०३ या मर्यादेबाहेर जातो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास आडवे येते, हेही विसरता कामा नये.

यावरून एक निष्कर्ष निघतो. संगणकातील कोष्टक आणि नळीवरील जागा ही एकाच हिशेबाची दोन अंगे आहेत. एक बदलले आणि दुसरे तसेच ठेवले, तर निर्दोष साधनही खोटा साक्षीदार बनते. तंत्रज्ञान एखाद्या जिल्ह्यात तयार स्वरूपात पोचते, तेव्हा वस्तू येते, पण ती तशी का आहे हे सांगणारी स्मृती वाटेतच राहते. ही स्मृती गॅरेजपर्यंत आणणे, हे परभणीसारख्या जिल्ह्यात इतिहासाच्या अभ्यासाचे एक व्यावहारिक कार्य मानावयास हवे.