पॅच नाकारला जातो तेव्हा

ओपन सोर्सबद्दल एक समज रूढ आहे: दार सर्वांना उघडे म्हणायचे, पण आत मूठभरांचे राज्य, ओळखीच्या माणसाचा किंवा बड्या कंपनीचा पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) घेतला जातो, नवख्याचा फेटाळला जातो. हा समज अगदीच निराधार नाही. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांची उत्तरे अनेकदा अपमानास्पद असत; २०१८ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. परंतु नकाराची भाषा वाईट होती, एवढ्यावरून नकारच चुकीचा ठरत नाही.

बड्यांना मोकळे रान असते, तर गूगल अडले नसते. त्याच्या अँड्रॉइडचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, प्रायोगिक विभागात घेतले होते. त्यांची निगा कोणी राखेना, म्हणून २०१० मध्ये ते काढून टाकले गेले. फोनला झोपेपासून रोखणारी ‘वेकलॉक’ योजना प्रत्यक्ष फोनांत चालत होती, तरी कर्नलने ती जशीच्या तशी घेतली नाही. तीच गरज वेगळ्या मांडणीने भागवणारी सोय २०१२ मध्ये ३.५ या आवृत्तीत आली.

ओळखीचे म्हणावे, तर इंगो मोल्नार आणि थॉमस ग्लाइक्सनर कर्नलमधलेच मातब्बर. कामे ठरल्या वेळेत होण्याची हमी देणारा त्यांचा ‘रिअल-टाइम’ पॅचसंच २००४ च्या सुमारास सुरू झाला. त्याचे भाग एकेक करून, पुन्हा पुन्हा लिहून आत गेले. तो पूर्णपणे सामावला गेला २०२४ मध्ये.

मग नकाराचे मूळ कशात? कोड स्वीकारणे म्हणजे त्याचा सांभाळ पत्करणे. लिहिणारा उद्या निघून जाऊ शकतो. त्यातली चूक पुढे मेन्टेनरलाच, म्हणजे प्रकल्पाची निगा राखणाऱ्यालाच, निस्तरावी लागते. इंटरनेटवरील संवाद सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या ओपन सोर्स प्रकल्पात २०११ च्या अखेरीस असाच एक पॅच स्वीकारला गेला. बाहेरून आलेल्या संदेशाची लांबी तपासायची त्यात राहून गेली होती. ‘हार्टब्लीड’ नावाने ही चूक २०१४ मध्ये उघड झाली, तोवर असंख्य सर्व्हरांच्या मेमरीतून पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या वाचता येणे शक्य होते. एका सैल होकाराची ही किंमत होती.

तेव्हा ‘हा कोड चालतो’ हे स्वीकारासाठी पुरेसे कारण नाही. तो प्रकल्पाच्या रचनेत बसतो का, दहा वर्षांनी कोण सांभाळेल, हे विचारणे मेन्टेनरचे कर्तव्यच आहे. पॅच देणाऱ्याने आधी चर्चा करावी, काम लहान तुकड्यांत द्यावे आणि नंतरही टिकून राहावे. स्वीकारावर त्याचा हक्क नाही. नेमके कारण सभ्य शब्दांत कळण्यावर मात्र पुरेपूर आहे.