भिजलेली विद्युत उपकरणे

घरगुती विद्युत उपकरणात पाणी शिरले की त्याचे विद्युतरोधन दुबळे पडते आणि बाहेरच्या धातूच्या भागात, बोलीत ‘बॉडीत’, करंट उतरतो. असे उपकरण बंद पडतेच असे नाही. पंखा फिरत राहतो, मोटर चालू राहते आणि ‘चालतंय म्हणजे ठीक आहे’ असा समज होतो. हा समज जीवघेणा आहे.

शुद्ध पाणी विजेचे जवळजवळ अवाहक असते. नळाच्या, विहिरीच्या आणि पुराच्या पाण्यातले विरघळलेले क्षार मात्र वीज वाहून नेतात. भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. त्वचा भिजलेली असली की शरीराचा रोध साधारण १,००० ओहमपर्यंत उतरतो, म्हणजे शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. १० मिलिअँपिअरच्या आसपासच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअरच्या पुढे हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरू लागते व रक्ताभिसरण थांबते.

एवढ्या प्रवाहाने १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास पुरवठा तोडणारा खटका, पडत नाही. एमसीबी वायरिंगचे रक्षण करतो, माणसाचे नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो. जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो व ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. अर्थिंग चांगले असेल तर गळती सुरू होताच तो पडतो. अर्थिंग नसेल तर बहुधा कोणाचा तरी हात लागल्यावरच. जुन्या घरांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असे. पाइप प्लास्टिकचे झाले, तार तशीच राहिली आणि अर्थिंग गेले, ही गोष्ट घरमालकाच्या लक्षातही येत नाही.

विदर्भातला पत्र्याचा कूलर हे या धोक्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय, कारण तो भिजलेल्या अवस्थेतच चालवायचा असतो. पेटी लोखंडी, तळाशी पाण्याची टाकी आणि टाकीत बुडालेला छोटा पंप. पंपाचे सील झिजते. त्याची वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलली जाते किंवा टेप गुंडाळून केलेला जोड सुटून पाण्यात पडतो. मग सगळी पेटी, तिची जाळी आणि ती ठेवलेला लोखंडी स्टँडही ‘जिवंत’ होतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे दिवसातून अनेकदा पाणी भरावे लागते. भरणारा अनवाणी असतो, फरशी सांडलेल्या पाण्याने ओली असते, एका हातात पाइप आणि दुसरा हात पत्र्यावर. वारा थांबू नये म्हणून कूलर चालूच ठेवलेला असतो. पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लगही काढावा. बटण एकच तार तोडते. जोडणी उलटी झाली असेल तर ते न्यूट्रल तोडते आणि बटण बंद असूनही उपकरणात फेज राहतो. बादलीत सोडलेल्या हीटर-रॉडलाही हाच नियम लागू आहे. पाणी तापले का, हे बोट बुडवून पाहण्याआधी प्लग निघालेला असलाच पाहिजे.

पुराची गोष्ट वेगळी. २००५ साली मुंबईत, २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ साली चिपळुणात घराघरांतले फ्रिज, वॉशिंग मशीन व पंप बुडाले. पाणी ओसरल्यावर वाइंडिंगमध्ये गाळ आणि क्षार राहतात. वरून कोरडे दिसणारे उपकरण आतून ओलेच असू शकते. पाण्यात उभे राहून मेन स्विचला हात लावू नये. वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्यावा. मेन बंद असला तरी इन्व्हर्टर घरात वीज देत राहतो, हे विसरले जाते. मोटर धुऊन पूर्ण वाळवल्यावर वायरमनने मेगर या रोधन मोजणाऱ्या उपकरणाने ५०० व्होल्टवर विद्युतरोधन तपासावे. ते एक मेगाओहमपेक्षा कमी आल्यास उपकरण जोडू नये. टेस्टरचा दिवा पेटला नाही एवढ्यावर विसंबू नये. बुडालेले एमसीबी, आरसीसीबी आणि सॉकेट वाळवून वापरू नयेत, बदलावेत. मायक्रोवेव्ह घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये घातक विद्युतभार राहू शकतो.

कोणी विजेला चिकटल्यास त्याला हाताने ओढू नये. आधी पुरवठा तोडावा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे. श्वास थांबला असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मदत येईपर्यंत छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० दाब देत राहावेत. शुद्धीवर असलेल्यालाही दवाखान्यात नेऊन ईसीजी काढावा, कारण शरीरातील इजा बाहेरून दिसत नाही.